अग्निशमन केंद्र बघायला जायचंय? गोव्यातल्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी

अग्निशमन केंद्र म्हणजे तिकीट काढून शिरायचं संग्रहालय नव्हे. तिथे बघण्यासारखं भरपूर असतं, कुठे कुठे जुन्या पितळी वस्तूही जपलेल्या असतात, पण ज्या गाडीसमोर तुमची मुलं उभी आहेत ती पुढच्या मिनिटाला रस्त्यावर असू शकते. भेटीचं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती करायचं असतं. बरेच जण सहलीसारखी तयारी करून जातात आणि मग म्हणतात, "काही दाखवलंच नाही हो."

फोंड्याकडच्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते आणि पोरांना घेऊन केंद्रावर जाते. दुसऱ्या शाळांतल्या बाई फोन करतात तेव्हा प्रश्न ठरलेले असतात: अर्ज कोणाला करायचा, काय न्यायचं, मुलं घाबरत नाहीत ना. त्या सगळ्यांसाठी हे एकदाच लिहून ठेवते. शाळा नसेल, वाड्यावरची दहा-बारा मुलं गोळा करून न्यायची असतील, तरी बहुतेक सगळं लागू पडेल.

1. दिवस आधी ठरवा, केंद्र मग

केंद्र जवळचंच घ्या. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा, डिचोली, वाळपई, पेडणे, कुडचडे, काणकोण अशी ती राज्यभर आहेत. लांबच्या मोठ्या केंद्रात जाऊन मुलं बसमध्ये पेंगुळण्यापेक्षा गावाजवळचं लहान केंद्र बरं. तिथले जवान आपल्याच भागातले असतात, आपला डोंगर आणि आपली विहीर त्यांना ठाऊक असते.

दिवस मात्र विचार करून निवडा. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत सुकं गवत, काजूच्या बागा आणि डोंगर पेटतात. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास आगी लागल्या, तेव्हा पाणी टाकायला नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली होती. या दिवसांत केंद्रातली माणसं दिवसभर डोंगर चढून आलेली असतात, त्यांच्याकडे हौसेने काही दाखवण्याची अपेक्षा ठेवू नका. जून-जुलैत रस्त्यावर झाडं पडतात, माड वीजतारांवर कोसळतात. दिवाळीत नरकासुर जाळण्याच्या रात्री आणि त्या पहाटे तर विचारूच नका. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडाही सोडा.

उरला नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, डिसेंबरचे पहिले तीन आठवडे आणि जानेवारी. माझं मत विचाराल तर जानेवारी.

एक अपवाद आहे. 14 ते 20 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळतात. त्या आठवड्यात केंद्रं स्वतःच प्रात्यक्षिकं करतात, शाळांमध्ये आणि बाजारात माहिती देतात. तेव्हा परवानगी सहज मिळते, पण गर्दीही असते. प्रत्येक मुलाला होज (पाणी मारायची लांब नळी) हातात धरायला मिळावी असं वाटत असेल तर तो आठवडा टाळा. नुसतं प्रात्यक्षिक बघायचं असेल तर त्याच आठवड्यात जा.

वेळ सकाळची, पण पाळी बदलतानाची नको. पाळी ताब्यात घेतली की गाड्यांची तपासणी होते: पंप चालू करून बघणं, सामानाची मोजदाद, दिवे, भोंगा. ही तपासणी चालू असताना पोचलात तर न सांगता निम्मी माहिती मिळते. नेमकी वेळ त्या केंद्रातच विचारून घ्या.

2. अर्ज

अर्ज त्या केंद्राच्या स्टेशन फायर ऑफिसरच्या नावे करा. शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यासह, मराठीत चालतो. त्यात इतकं हवं:

- इयत्ता, मुलांची संख्या, सोबतच्या शिक्षकांची आणि पालकांची संख्या
- हवी ती तारीख आणि तिच्याखाली दुसरी पर्यायी तारीख
- किती वाजता येणार आणि किती वेळ थांबणार (पाऊण तास ते एक तास, त्याहून जास्त नको)
- जबाबदार शिक्षकाचा मोबाईल नंबर
- दम्याचा त्रास असलेलं, मोठ्या आवाजाला घाबरणारं किंवा चाकाच्या खुर्चीवरचं मूल असेल तर तसा उल्लेख

हा शेवटचा मुद्दा लोक लाजून गाळतात. गाळू नका. आधी कळलं की धुराचं प्रात्यक्षिक किंवा सायरन त्या बेताने ठेवता येतो.

अर्ज दोन प्रतींत न्या, एक तिथे द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर (आवक क्रमांक) घ्या. नुसतं "देऊन आलो" याला काही अर्थ नाही. साहेब बदलून गेले की नवीन साहेबांना दाखवायला तुमच्याकडे तो शिक्काच असतो. मुख्यालयाची परवानगी आणायला सांगितलं तर ते पणजीत सांतिनेजला आहे. म्हणून अर्ज निदान तीन आठवडे आधी द्या.

आणि परवानगीचं काय झालं हे विचारायला 101 ला फोन करू नका. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. ती ओळ आगीसाठी आणि सुटकेसाठी आहे. अर्ज देताना कार्यालयाचा साधा नंबर मागून घ्या आणि आदल्या दिवशी संध्याकाळी त्यावर एकदा खात्री करा.

3. सोबत काय न्यायचं

- अर्जाची शिक्का असलेली प्रत
- मुलांची यादी, पालकांच्या फोन नंबरसह
- पालकांची संमतीपत्रं
- बंद बूट किंवा पट्ट्याच्या चपला. आवार ओलं असतं आणि स्लिपरवर मुलं घसरतात.
- टोपी, पाण्याची बाटली, प्रथमोपचार पेटी
- एक जाड वही आणि पेन्सिल, दर चार मुलांत एक

खाऊ शाळेत परतल्यावर द्या. केंद्राच्या आवारात बिस्किटांचे कागद उडायला लागले की पुढच्या शाळेचं दार तुम्ही बंद केलंत असं समजा.

दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं. पालक येणार असतील तर त्यांना आधीच सांगा की गाडीवर चढून फोटो काढायला आपण जात नाही आहोत.

4. फाटकातून आत

बालरथ असो की भाड्याची मिनीबस, ती फाटकाबाहेर लांब लावा. बंब बाहेर पडतो त्या दारासमोरची फरशी रिकामी दिसते, म्हणून चालक नेमके तिथेच वळण घेतात. तिथे एक मिनिटही गाडी थांबता कामा नये. मुलांना रस्त्यावर उतरवून रांगेने आत न्या.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे ज्यांनी वेळ दिली त्या अधिकाऱ्यांना विचारायचं, "सर, कॉल आला तर आम्ही कुठे उभं राहायचं?" ते जागा दाखवतील. मुलांना त्या जागेवर एकदा खरंच नेऊन उभं करा, मग परत आणा. पाच मिनिटं जातात, पण त्यानंतर सगळं सोपं होतं. तुम्ही हे विचारलंत की समोरच्या माणसाचाही सूर बदलतो. आलेली मंडळी समजूतदार आहेत हे त्यांना कळतं.

5. आधी हाताने, मग कानाने

बहुतेक ठिकाणी क्रम असा लागतो: सायरन वाजवून दाखवतात, पाण्याचा फवारा मारतात, मुलं भिजतात, ओरडतात, मग अधिकारी माहिती सांगू लागतात आणि कोणीच ऐकत नाही. तुम्ही नम्रपणे उलटा क्रम मागा. सायरन आणि फवारा अगदी शेवटी. मध्येच कॉल आला आणि गाडी गेली, तरी हाताने बघायच्या गोष्टी तोवर बघून झालेल्या असतात.

होज आणि कपलिंग. गाडीच्या बाजूचे कप्पे उघडायला सांगा. होजची गुंडाळी बारकाईने बघा: ती मधोमध दुमडून गुंडाळलेली असते, त्यामुळे दोन्ही टोकांची कपलिंगं, म्हणजे जोडायचे धातूचे तुकडे, बाहेरच्या बाजूला येतात. एक धक्का दिला की ती जमिनीवर सरळ उलगडत जाते आणि दोन्ही टोकं हाताशी राहतात. मग नर-मादी कपलिंग मुलांना जोडू द्या. आमच्या तिसरीतल्या एका मुलीने ते दोन्ही हातांनी धरून दाबलं, जमेना, मग पोटाला टेकवून दाबलं आणि "टक" आवाज आला. समोरचे लीडिंग फायर फायटर म्हणाले, "आता ओढून बघ, सुटतं का." ती ओढत राहिली. मग त्यांनी बाजूचे दोन खटके ओढून ते अलगद सोडवून दाखवलं. आटे फिरवत बसायचं नाही, अंधारात, हातमोजे घातलेले असतानाही जोडता यावं, यासाठी ही रचना आहे, हे नंतर सांगावं लागलं नाही.

टाकीचं गणित. टाकीत किती लिटर पाणी मावतं ते विचारा. आपल्याकडच्या बऱ्याच वॉटर टेंडरची, म्हणजे पाण्याच्या बंबाची, टाकी 4,500 लिटरची असते. मिनिटाला साडेचारशे लिटरच्या आसपास सोडणारी एक धार चालू ठेवली तर टाकी किती वेळ पुरेल? चौथीचं मूल सांगतं: दहा मिनिटं. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात, कारण त्यांना वाटलेलं असतं की बंबात पाणी संपतच नाही. इथून पुढचा प्रश्न मुलंच विचारतात, मग काय करायचं?

काळा जाड पाईप. उत्तर गाडीवरच आडवं ठेवलेलं असतं. होज कापडी असते आणि रिकामी झाली की चपटी होते, हा पाईप मात्र कडक, आत तारेचं वेटोळं असलेला. हा सक्शन होज. एक टोक विहिरीत, तळ्यात किंवा व्हाळात सोडायचं, त्या टोकाला गाळणी, दुसरं टोक पंपाला. कडक का? पंप आतली हवा काढतो तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब पाईपला चेपायला बघतो. मऊ असता तर चपटा झाला असता. पाणी वर चढतं तेही पंपाच्या ओढीने नव्हे, तर विहिरीतल्या पाण्यावर बाहेरची हवा दाब देते म्हणून. हा दाब पाण्याला फार तर 10 मीटर उचलू शकतो, आणि प्रत्यक्षात 7 मीटरच्या आसपासच भरवसा धरतात. विहिरीतलं पाणी त्याहून खोल गेलं असेल तर गाडी काठावर उभी करून उपयोग नाही, पंपच खाली सोडावा लागतो. आपल्या वाड्यावरच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात किती खाली जातं, तिच्यापर्यंत मोठी गाडी पोचते का, हे मुलांनी घरी जाऊन बघण्यासारखं आहे.

बीए (ब्रीदिंग अ‍ॅपरेटस) सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचं साधन. पाठीवरचा सिलिंडर आणि तोंडावरचा मुखवटा. सगळे त्याला ऑक्सिजन म्हणतात, शिक्षकसुद्धा. त्यात ऑक्सिजन नसतो, आपण घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. इथेही गणित आहे: 6 लिटरचा सिलिंडर, 300 बार दाब, म्हणजे सुमारे 1,800 लिटर हवा. कष्टाचं काम करताना मिनिटाला 40 लिटर धरली तर कागदावर 45 मिनिटं. शिवाय हवा संपत आली की शिट्टी वाजते आणि ती वाजण्याआधी बाहेर पडायला हवं, म्हणून प्रत्यक्ष कामाला त्याहून कमी वेळ मिळतो. शिट्टी ऐकवायला सांगा. मुखवटा घातलेला माणूस अचानक समोर आला तर लहान मुलं बिचकतात. आधी मुखवटा हातात दाखवून मग त्यांच्यासमोरच घालायला सांगा. खऱ्या आगीत मूल याच चेहऱ्याला घाबरून पलंगाखाली लपतं, म्हणून ही ओळख महत्त्वाची.

बाकी कटर, स्प्रेडर, दोरखंड, शिड्या यांवरून भरभर पुढे सरकलं तरी चालेल. मोठ्या मुलांसाठी फोमचा डबा जरूर उघडून घ्या. जानेवारी 2023 मध्ये पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत रंगाचा कारखाना पेटला होता, तो धूर कितीतरी लोकांनी लांबून बघितला असेल. अशा ज्वालाग्राही द्रवावर नुसतं पाणी मारलं तर द्रव पाण्यावर तरंगून पसरतो. फोम त्यावर थर धरून हवा तोडतो.

6. जुन्या वस्तू दिसल्या तर

सगळ्याच केंद्रांत असतील असं नाही, पण विचारा. कार्यालयाच्या कोपऱ्यात, काचेच्या कपाटात किंवा कपाटाच्या वर काहीतरी असतंच, आणि कोणी विचारलं की ते काढून दाखवणाऱ्या माणसाला आनंद होतो. पुण्यात एरंडवण्याच्या अग्निशमन केंद्रात तर संग्रहालयच केलेलं आहे. सुट्टीत नातेवाइकांकडे जाणार असाल तर वेळ विचारून बघून या. अशा ठिकाणी फलकावर एक ओळ असते आणि मुलं पुढे पळतात, म्हणून काय बघायचं ते आधीच ठाऊक असलेलं बरं.

हातपंप दिसला तर त्याच्या मधोमध तांब्याचा किंवा पितळेचा उलट्या घड्यासारखा भाग शोधा. दोन्ही बाजूंचे दांडे माणसं आळीपाळीने दाबत, तेव्हा पाणी खरं तर हिसक्या-हिसक्याने यायला हवं. त्या घुमटात अडकलेली हवा दाबली जाते आणि पाण्याला सतत ढकलत राहते, म्हणून धार अखंड निघते. अशा पंपाला लवचीक होज जोडण्याचं श्रेय अ‍ॅमस्टरडॅमच्या यान फान डेर हायडेन यांना देतात, 1670च्या दशकातलं. ती होज चामड्याची होती. त्याआधी पंपाच्या माथ्यावरच्या नळीतून लांबूनच पाणी फेकायचे, घरात शिरून आगीच्या बुडाशी मारता येत नसे.

पितळी शिरस्त्राण सगळ्यांना आवडतं. लंडनच्या दलाने 1860च्या दशकात पॅरिसच्या धर्तीवर ते घेतलं आणि मग ते दूरवर पसरलं. घराघरांत वीज आली तसं ते धोक्याचं ठरलं, कारण पितळ वीजवाहक. आताचं हेल्मेट त्याच्या शेजारी ठेवून मुलांना हात लावू द्या.

भिंतीवर 14 एप्रिल 1944 ही तारीख दिसली तर थांबा. त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजाला आग लागली. जहाजावर कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं. आग विझवायला गेलेले जवान जहाजावर आणि धक्क्यावर असतानाच स्फोट झाला. अग्निशमन दलाचे 66 जण गेले. सप्ताह 14 एप्रिलला सुरू होतो तो यामुळे. मुंबईत भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. लहान मुलांना हे सांगावं का? मी सांगते, दोन वाक्यांत, आणि पुढे जाते.

7. प्रात्यक्षिक

शाळेत आग विझवायचं लाल नळकांडं असतं, ते वापरायचं कसं हे कोणाला माहीत नसतं. इथे शिक्षकांनी स्वतः हात घालावा, मुलांच्या मागे उभं राहून मोबाईल धरू नये.

पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी रोखायची, दांडा दाबायचा, आणि केर काढतो तसं डावीकडून उजवीकडे फिरवायचं. ज्वाळांच्या शेंड्यावर पावडर मारली तर ती फुकट जाते. कार्बन डायऑक्साइडचं असेल तर पुढचा काळा कर्णा हाताने धरू नका, तो इतका गार पडतो की कातडी भाजल्यासारखी होते. पाठ नेहमी बाहेर पडायच्या वाटेकडे.

पेटलेल्या तेलावर पाणी ओतलं तर काय होतं, हे विचारून घ्या. तेलाखाली गेलेल्या पाण्याची वाफ होते, वाफेचं आकारमान पाण्याच्या सुमारे 1,700 पट, आणि ती जळतं तेल उडवत वर येते. कढईवर झाकण ठेवा, गॅस बंद करा, बस्स.

गॅस सिलिंडरची आग ओल्या गोणपाटाने विझवून दाखवतात तेव्हा टाळ्या पडतात. घरी आल्यावर मुलांना स्पष्ट बजावा की हे आपण करायचं नाही. आपलं काम एवढंच: वास आला की बटण चालू-बंद न करता खिडक्या-दारं उघडायची, रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर पडायचं आणि गॅसगळतीसाठी असलेल्या 1906 या नंबरवर कळवायचं. आग असेल तर 101 किंवा 112. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो, हे मोठ्या मुलांना समजतं.

8. कॉल आला तर

घंटा झाली की बोलणारा माणूस वाक्य अर्धवट टाकून पळेल. त्यांना हाक मारू नका, "थांबा सर, फोटो" असलं काही नको. मुलांना ठरलेल्या जागेवर न्या, मोजा, भिंतीला पाठ लावून उभं करा. कुठे आग लागली, कोणाच्या घरी, हे विचारू नका आणि निघणाऱ्या गाडीचा व्हिडिओ गटावर टाकू नका. ते घर तुमच्या वर्गातल्याच कोणाचं असू शकतं.

गाडी गेली की केंद्रात जो मागे असेल त्याचे आभार मानून निघा. परत येण्याची वाट बघत बसू नका. आलेली माणसं दमलेली, भिजलेली असतात आणि आल्याबरोबर ओल्या होज बदलून गाडी पुन्हा तयार करायची असते. पर्यायी तारीख अर्जात आहेच.

9. मुलांचे प्रश्न

आदल्या दिवशी वर्गात प्रश्न लिहून घ्या. "तुम्हाला भीती वाटते का" हा प्रश्न येतोच, येऊ द्या. साप, विहिरीत पडलेली गाय, माडावर अडकलेला पाडेली (नारळ पाडणारा), यांवर तर जवान रंगून बोलतात; आपल्याकडे त्यांचं निम्मं काम आगीचं नसतंच, हे मुलांना तिथेच उमगतं. "किती माणसं मेलेली बघितलीत" हा प्रश्न वर्गातच थांबवा.

10. परतल्यावर

मुलांच्या चित्रांसह आभाराचं पत्र चार दिवसांत पोचवा. त्याचीही पोच घ्या आणि फाईलला लावा. पुढच्या वर्षीच्या अर्जात मागच्या भेटीचा इनवर्ड नंबर घातला की काम लवकर होतं.

मग शाळेतलं लाल नळकांडं खाली काढा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिनवरचं सील शाबूत आहे का, कार्डावर तपासणीची शेवटची तारीख कोणती, हे मुलांकडूनच वाचून घ्या. तारीख उलटून गेली असेल तर पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत तो विषय घ्या. वाळूच्या बादल्याही बघा. त्यांत वाळू असावी. बऱ्याच ठिकाणी तुळस लावलेली असते.